पियानोचे पहिले पीसेस: सोप्याकडून अवघडाकडे क्रम कसा लावायचा?

सोरेगावकर
नमस्कार मंडळी. भाची ११ वर्षांची आहे. पेटी शिकलेली, अलंकार-पलटे स्वच्छ, प्रवेशिका झालेली. आता घरात ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो आलाय आणि तिला पाश्चात्त्य क्लासिकल वाजवायचं आहे. सोलापुरात कीबोर्ड-गिटारचे क्लास आहेत, पण स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचून बाख-बीथोवन शिकवणारं कोणी आमच्या बाजूला सापडलं नाही. म्हणून आठवड्यातून एकदा ऑनलाइन शिकवणी आणि बाकी घरचा रियाज, असं ठरलंय.

नेटवर 'नवशिक्यांसाठी दहा पीसेस' छापाच्या ढीगभर याद्या आहेत. बहुतेकींत बीथोवनचं फ्युर एलिझ पहिलं आणि त्याचाच मूनलाइट सोनाटा दुसरा. मला वाटतं या याद्या प्रसिद्धीच्या क्रमाने लावल्यात, अवघडपणाच्या नाही. क्रम डाव्या हाताला किती काम आहे त्यावर लावावा, असा माझा समज. जाणकारांनी सांगावं: समज बरोबर आहे का, आणि सुरुवात नेमकी कुठून?

शेंगाचटणी
डिजिटल म्हणजे हेडफोनची सोय आहे. शेजारधर्माचा प्रश्न मिटला, आता क्रम कुठलाही चालेल. ;)
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

काळी_पाच
सोरेगावकर, समज बरोबर आहे पण पुरता नाही. डावा हात हा एक निकष झाला. कुठलाही नवा पीस वाजवण्याआधी नुसता कागद बघून पाच गोष्टी तपासा.

१. हात पाच पट्ट्यांच्या जागेवरून किती वेळा हलतो.
२. अंगठा बोटांखालून न्यावा लागतो का.
३. दोन हातांची लय एकाच वेळी वेगळी आहे का.
४. एकाच हाताला दोन आवाज सांभाळायचे आहेत का, म्हणजे एक सूर धरून ठेवायचा आणि दुसरा हलवायचा.
५. पेडल (सूर लांबवायची पायाची कळ) लागतं का.

नव्या पीसमध्ये यातली एकच गोष्ट नवी हवी. दोन असतील तर वेळ दुप्पट लागतो. तीन असतील तर पीस गुपचूप फाइलमध्ये ठेवून द्यायचा. सुरांचा वेग मी यादीत घेतलाच नाही, कारण वेग कमी करता येतो. एका हातातले दोन आवाज कितीही हळू वाजवले तरी दोनच राहतात.

आता पेटीवाल्यांची खास अडचण. नेहमीच्या पुस्तकांत दोन्ही हात शून्यावर धरलेले असतात. इथे उजवा हात तीन वर्षं पुढे आणि डावा भाता मारत बसलेला. त्यामुळे उजव्याला कंटाळा येईल इतके सोपे पण डाव्याला खरं काम देणारे पीस मुद्दाम निवडावे लागतात. बार्टोकचं मिक्रोकॉसमॉस, पहिला भाग, यासाठीच उत्तम. एकूण १५३ पीसेस, सहा भाग, आणि क्रम स्वतः संगीतकारानेच लावलेला. पहिल्या सहांत दोन्ही हात एकच चाल एका सप्तकाच्या अंतरावर वाजवतात. डावा मागे पडला की लगेच ऐकू येतो, लपायला जागा नाही. पुढे हात उलट दिशेने जातात, मग एकामागून एक येतात.

याच्या जोडीला डियाबेलीचे ओपस (रचनाक्रमांक) १४९ घ्या. चार हातांचे २८ पीसेस आहेत, वरच्या वादकाला फक्त पाच सुरांची जागा. खालची बाजू मोठ्याने वाजवायची. ऑनलाइन शिकवणीत आवाज उशिरा पोचतो, एकत्र वाजवता येत नाही. म्हणून शिक्षकांकडून खालची बाजू आधीच रेकॉर्ड करून मागवा, एक हळू, एक मूळ लयीत.

वि_दा
काळी_पाच, सगळं शास्त्रशुद्ध आहे, पण ११ वर्षांची मुलगी मिक्रोकॉसमॉसवर किती दिवस टिकेल? त्यातले सुरुवातीचे पीस मुलांना 'गाणं' वाटत नाहीत. पेटीवर ती नाट्यगीतं वाजवत असेल. तिला ओळखीची सुरावट हवी. फ्युर एलिझचा सुरुवातीचा भाग खरंच सोपा आहे, तो शिकवा आणि थांबा. मूल खूश, आजी-आजोबा खूश.

बाळीवेस
वि_दा बरोबर बोलतोय बे. पोरीला आधी मज्जा आली पायजे.

मंद्र_सप्तक
'सुरुवातीचा भाग सोपा' याचा अर्थ नीट बघू या, कारण हा धागा याच वाक्यावर अडकणार आहे.

फ्युर एलिझ (१८१०) हा ए मायनरमधला ३/८ चा रोंडो आहे: मुख्य भाग, मग दुसरा, पुन्हा मुख्य, मग तिसरा, पुन्हा मुख्य. मुख्य भागात हात आलटून पालटून वाजतात, एकावर एक क्वचितच. म्हणून तो सोपा वाटतो. पण त्यातही दोन सापळे आहेत. एक, डाव्या हाताचे ए-ई-ए हे तीन सूर एका सप्तकभर पसरलेले आहेत. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत हात आडवा फिरवायचा असतो, ताणून धरायचा नसतो. पेटीवाले तो ताणून धरतात आणि पंधरा मिनिटांत मनगट दुखायला लागतं. दोन, मुख्य चाल परत येण्याआधी ई हा सूर वरच्या सप्तकांत उड्या मारतो आणि मग ई-डी शार्प ची जोडी घोळत राहते. तिथे किती जोड्या झाल्या हे मोजलं नाही तर चाल एक मात्रा आधी किंवा नंतर सुरू होते. कानाला खटकत नाही, म्हणून चूक तशीच पक्की होते.

दुसऱ्या भागात एफ मेजर आणि बत्तीसांश सूर. तिसऱ्यात डाव्या हाताचा ए ठोकत राहायचा, वर जड कॉर्ड (एकदम दाबलेले अनेक सूर), मग ए मायनरची तीन सप्तकांची चढण आणि क्रोमॅटिक उतार (एकही पट्टी न सोडता). हा पीस परीक्षांच्या भाषेत पाचव्या ग्रेडच्या आसपासचा आहे. लोक पहिला भाग ऐकून पूर्ण पीसची ग्रेड ठरवतात.

वि_दा
मी पूर्ण पीस म्हटलंच नव्हतं. पहिला भाग, इतकंच. तोही पहिल्या महिन्यात नाही, चार-पाच महिन्यांनी.

मंद्र_सप्तक
मग हरकत नाही. फक्त तो भाग पेडलशिवाय शिकवा. पेडल नंतर, आणि हार्मनी बदलली की बदला.

हिपरगा
धाग्यात अजून मिन्युएट आला नाही हे नवल. सांगून टाकतो: जी मेजर मिन्युएट, बाख.

मंद्र_सप्तक
हिपरगा, तो बाखचा नाही. बाखची बायको आना माग्डालेना हिच्या १७२५ च्या वहीत आहे, पण रचना क्रिस्टियान पेट्झोल्डची. वहीत बाखच्या घराने इतरांच्याही चिजा उतरवून घेतल्या होत्या. त्याच वहीतला डी मेजर मार्च कार्ल फिलिप इमानुएलचा, म्हणजे बाखच्या मुलाचा. पुस्तकांत अजून सगळं 'जे. एस. बाख' म्हणूनच छापतात.

हिपरगा
वाजवताना फरक पडतो का?

मंद्र_सप्तक
नाही. पण शोधताना पडतो. नोटेशन पेट्झोल्डच्या नावाखालीही शोधा.

काळी_पाच
मिन्युएटवर थोडं सविस्तर, कारण पेटीवाल्यांसाठी हा पहिला 'खरा' पीस. ३२ बार (कागदावर उभ्या रेघांनी पाडलेले खाने), प्रत्येकात तीन मात्रा. पहिल्या दोन बारांत उजवा हात डी वरून खाली जी वर येतो आणि पाच बोटांत पुन्हा डी ला जातो, जागा न सोडता. तिसऱ्या बारला हात वर सरकतो. चौथ्या बारमध्ये वरच्या जी वरून पूर्ण सप्तक खालच्या जी वर उतरायचं. इथे बहुतेक मुलं पट्टीकडे बघतात आणि डाव्या हाताची लय सोडतात. तेवढीच उडी डोळे मिटून वीसेक वेळा करून घ्या, मग पुढे.

भाचीची वीत मोजा, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. पियानोवर आठ पांढऱ्या पट्ट्यांची रुंदी साधारण १८.८ सेंमी भरते, आणि सप्तकाच्या दोन सुरांच्या मध्यांत १६.५ सेंमी. वीत १७ च्या आत असेल तर दोन्ही सूर एकदम दाबायचे पीस सध्या नकोत. एकामागून एक वाजवायचे असतील, जसे या चौथ्या बारमध्ये, तर चालतील.

आणि पेटीवाल्यांना एक गंमत दाखवा. हा मिन्युएट म्हणजे पांढरी पाचचा सा धरून बिलावल. दुसऱ्या भागात सी शार्प येतो. पेटीवरचं मूल म्हणेल 'तीव्र म आला, कल्याण झाला'. तसं नाही. तिथे सा च उठून पंचमावर जाऊन बसतो, चोविसाव्या बारला डी वर ठेहराव आहे, मग परत घरी. हे एकदा कळलं की तो सी शार्प विसरत नाहीत. पुढे क्लेमेन्टी, मोत्सार्ट सगळीकडे हेच घडतं.

भिंगरी
हे सा उठून पंचमावर जाऊन बसणं कोणीच समजावत नाही. वाचनखूण साठवली.

निशिगंधा_पुणे
क्रमासाठी एक फुकटचा आधार आहे तो वापरा. ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या दोन्ही ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळांचे अभ्यासक्रम त्यांच्या साइटवर उघडे असतात. परीक्षा द्यायची नसली तरी प्रत्येक ग्रेडची यादी मिळते, इनिशियलपासून आठवीपर्यंत. एबीआरएसएमच्या याद्या तीन गटांत असतात: पहिल्यात बोटांची चपळाई, दुसऱ्यात गाता हात, तिसऱ्यात बाकी सगळ्या शैली. एकाच गटातले तीन पीस उचलले तर मुलाची वाढ एकांगी होते. पेटीवाली मुलं चपळाईच्या गटात अडकतात कारण तो त्यांना जमतो.

जर्मनीच्या हेन्ले प्रकाशनाची १ ते ९ अशी वेगळी मोजपट्टी आहे. १ ते ३ सोपे, ४ ते ६ मध्यम, ७ ते ९ अवघड. पीसचं नाव टाकलं की आकडा दिसतो. दोन्ही मोजपट्ट्या पूर्ण पीससाठी आहेत, पहिल्या पानासाठी नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा.

शेंगाचटणी
म्हणजे पुण्याचा पत्ता सांगण्यासारखंच, 'जवळच आहे' म्हणजे किती ते पोचल्यावर कळतं.

निशिगंधा_पुणे
शेंगाचटणी, सोलापुरी माणसाने पत्त्यावर बोलू नये. तुमच्याकडे सात रस्त्याला कुठला रस्ता पकडायचा हे विचारलं की तीन भाषांत सांगतात आणि तिन्ही उत्तरं वेगळी. :)

बाळीवेस
तिन्ही बरोबर असतात पण.

सोरेगावकर
अवांतर नंतर. :) दोन प्रश्न. एक, मूनलाइटचं काय? तो तर संथ आहे, बारा-बारा सूर सारखेच. दोन, भाचीच्या मैत्रिणीकडे ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे, ती पण बरोबर शिकणार म्हणतेय. तिला काय वाजवता येईल?

मंद्र_सप्तक
मूनलाइटचा पहिला भाग: सी शार्प मायनर, चार शार्प. उजव्या हाताला आतले तीन-तीन सूर हलके आणि करंगळीने वरची चाल ठळक, एकाच हाताने, एकाच वेळी. मधे एके ठिकाणी हात नऊ पट्ट्यांपर्यंत पसरतो. शिवाय पूर्ण भाग पेडलवर. काळी_पाच यांच्या यादीतले ४ आणि ५ दोन्ही, वर काळ्या पट्ट्या. संथ असल्यामुळे चूक लपत नाही, उलट दिसते. सहाव्या ग्रेडच्या आत त्याला हात लावू नये.

असाच दुसरा फसवा म्हणजे मोत्सार्टचा के. ५४५, सी मेजर सोनाटा. १७८८ साली त्याने स्वतःच्या वहीत 'नवशिक्यांसाठी' असं लिहून ठेवलंय आणि तेव्हापासून लोक फसतायत. पाचव्या बारपासून सलग सोळांश सुरांचे स्केल्स, एकसारखे, हलके. सुरुवातीला काळी पट्टी नाही म्हणून सोपा वाटतो. प्रत्येक असमान सूर त्यात मोजून ऐकू येतो.

लूममास्तर
६१ पट्ट्यांवर मी लिहितो. असा कीबोर्ड डावीकडे मंद्राच्या खालच्या सी पासून सुरू होतो आणि पाच सप्तकांनी सी वर संपतो. मिडल सीच्या खाली दोन सप्तकं, वर तीन. त्यात बसणारं: आना माग्डालेनाच्या वहीतले छोटे पीस, मिक्रोकॉसमॉसचे पहिले भाग, बर्गम्युलरचे सोपे, क्लेमेन्टीचा पहिला सोनाटिना. बाखचा सी मेजर प्रील्यूड (वेल टेम्पर्ड क्लाव्हियरचा पहिला) तर नेमका बसतो, शेवटचा खालचा सूर म्हणजे कीबोर्डची सगळ्यात डावी पट्टी. फ्युर एलिझ पूर्ण बसत नाही. तिसऱ्या भागातली चढण वरच्या ई पर्यंत जाते, पट्ट्या दोन पांढऱ्या आधीच संपतात. ७६ पट्ट्या असतील तर जमतं.

पण पट्ट्यांची संख्या हा दुय्यम मुद्दा. पट्टी जोरात दाबल्यावर आवाज मोठा होतो का ते आधी बघा. होत नसेल तर हळू-जोर शिकताच येणार नाही, आणि पेटीची सवय तशीच राहील. पेटीवर आवाज भात्यातून येतो, इथे पट्टी किती वेगाने खाली जाते त्यावर.

काळी_पाच
लूममास्तर +१. पेटीची दुसरी सवय म्हणजे सूर संपला तरी बोट न उचलणं. डिजिटलवर दोन सूर एकमेकांत घुसतात, चिखल होतो. यासाठी शुमानच्या ओपस ६८ मधला सैनिकांचा मार्च (क्र. २) द्या. दोन्ही हात एकाच लयीत छोटे कॉर्ड वाजवतात, दाबणं एकदम आणि उचलणंही एकदम. उचलणं शिकवणारा याहून सोपा पीस मला माहीत नाही.

लूममास्तर
आणि उंची. डिजिटल पियानो डायनिंग टेबलवर ठेवू नका. पियानोची पट्टी जमिनीपासून साधारण ७२-७४ सेंमीवर असते. टेबलच ७५ चा, त्यावर यंत्र, मग पट्टी ८५ च्या पुढे जाते. मूल खांदे वर करून वाजवतं आणि दुखतं तेव्हा आपण पीसला दोष देतो. कोपर आणि पट्टी एका रेषेत हवी. मांडी घालून पेटी वाजवणाऱ्यांचं मनगट खाली लोंबतं, तेही बघा. कात्रीसारखं उघडणारं स्वस्त स्टॅंड घेतलं तर ते जोरात वाजवलं की डुलतं, चार पायांचं घ्या.

पेडल उलटं चालतंय, म्हणजे पाय काढल्यावर सूर लांबतायत, असं झालं तर यंत्र बिघडलेलं नसतं. बऱ्याच मॉडेलांत चालू करताना पाय पेडलवर असेल तर ते उलटं धरतात. बंद करून, पाय काढून पुन्हा चालू करा.

भिंगरी
अवांतर: घरात जुना लाकडी अपराइट पियानो असेल तर सोलापूरच्या उन्हाळ्यात काय करायचं?

लूममास्तर
कूलरच्या झोतासमोर ठेवायचा नाही, ही पहिली गोष्ट. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी, लाकूड आकसतं, सूर खाली येतो. कूलर लावला की खोलीत दमटपणा, साउंडबोर्ड फुगतो, सूर वर जातो. रात्री कूलर, दुपारी बंद, असं रोज झालं की ट्यूनिंग टिकत नाही. बाहेरच्या भिंतीला आणि उन्हाच्या खिडकीला टेकवू नका. ट्यूनिंग ऋतू बदलायच्या तोंडावर करू नका. पाऊस स्थिरावला की करा, म्हणजे जुलै-ऑगस्ट उलटल्यावर. ट्यूनर बाहेरगावाहून बोलवावा लागत असेल तर एका फेरीत दोन-तीन घरांचं काम जमवा.

शेंगाचटणी
डिजिटलवर धूळ बसू नये म्हणून सोलापुरी चादर. जीआय टॅगवाली. विषय संपला.

लूममास्तर
चादर चांगलीच, पण चालू यंत्रावर नको, गरम होतं.

वि_दा
मूळ विषयाकडे. झेर्नी आणि हॅनन कोणी काढत कसं नाही? तांत्रिक पाया त्याशिवाय होणार नाही. हॅननचे ६० व्यायाम, रोज दोन.

काळी_पाच
पलटे झालेल्या मुलीला हॅनन सुरुवातीला नको. सा रे ग रे, रे ग म ग हेच ती तीन वर्षं करतेय. हॅनन साधारण तेच देतो, दोन्ही हातांनी. उजव्याचा फायदा शून्य, डाव्याने उजव्याचा वेग गाठायचा म्हणून तो ताठ होतो. करायचंच असेल तर तिचेच पलटे फक्त डाव्या हाताने, उलटे बोट क्रमांक लावून. झेर्नीचं ओपस ५९९ चांगलं आहे, पण सलग नाही. जो अडथळा पुढच्या पीसमध्ये आहे तेवढाच व्यायाम उचलायचा.

खरं सांगायचं तर बर्गम्युलरचे ओपस १०० हेच काम जास्त चवीने करतात. २५ छोटे पीसेस, प्रत्येकात एकच अडचण, आणि ऐकायला पूर्ण गाणं. क्र. २, अराबेस्क, पेटीवाल्यांसाठी सोनं: ए मायनर, उजव्या हाताला सा रे ग रे सा सारखी सोळांशांची झडप, आणि मग तीच झडप डाव्या हाताला. तिथे दोन हातांतला फरक उघडा पडतो. अनेक आवृत्त्यांत टेम्पो १५२ (मिनिटाला इतक्या मात्रा) छापलेला असतो. ७२ ला सुरुवात करा आणि डावा ज्या वेगाला स्वच्छ आहे तोच पूर्ण पीसचा वेग ठेवा. उजव्याला थांबवून धरणं हाच त्यातला धडा.

वि_दा
हॅननचा मुद्दा मी सोडत नाही, पण अराबेस्कवर एकमत.

मंद्र_सप्तक
शुमानच्या ओपस ६८ वर एक सावधगिरी. ४३ पीसेस आहेत आणि लोक १ पासून सुरू करतात. क्र. १ ची चाल दिसते साधी, पण डाव्या हाताच्या सलग सुरांना दबत्या आवाजात ठेवून वर उजवा गायला हवा. आवाजाचा तोल सांभाळणं हे नवशिक्याला फार नंतर येतं. क्र. २ आधी, मग १. क्र. १०, आनंदी शेतकरी, यात चाल डाव्या हातात आणि उजवा मधेमधे कॉर्ड टाकतो. भाचीला हा लवकर द्या. डाव्याला पहिल्यांदा गाता येतं. क्र. ८, घोडेस्वार, सहा-आठ मात्रांचा, तुटक सूर: आधी उजवा धावतो, मग एफ मेजरमध्ये डावा. अराबेस्क झालेल्याला अवघड नाही.

सोरेगावकर
खूप धन्यवाद सगळ्यांना. आतापर्यंतचं मी असं लावलंय, दुरुस्त करा:
मिक्रोकॉसमॉस भाग १ + डियाबेली, शुमान मार्च, पेट्झोल्डचा जी मेजर आणि जी मायनर मिन्युएट, अराबेस्क, आनंदी शेतकरी, क्लेमेन्टी ओपस ३६ क्र. १, बाख सी मेजर प्रील्यूड, फ्युर एलिझ पूर्ण.
वि_दांसाठी फ्युर एलिझचा पहिला भाग अराबेस्कनंतर मधेच.

काळी_पाच
चांगली लावलीत. दोन भर घाला. मिन्युएटनंतर वहीतलाच डी मेजर म्युझेट. डाव्या हाताला सप्तकाच्या उड्या आहेत पण त्याच दोन पट्ट्यांत, तंबोऱ्यासारख्या. ऐकायला भारी, त्यामानाने सोपा. आणि अराबेस्कनंतर चायकॉव्स्कीच्या ओपस ३९ मधलं जुनं फ्रेंच गाणं: जी मायनर, संथ, डाव्या हातात खालचा सूर धरून वरचा हलवायचा. यादीतला चौथा निकष इथे पहिल्यांदा एकटा भेटतो. तो प्रील्यूडच्या आधी भेटलाच पाहिजे.

क्लेमेन्टी (१७९७) चा पहिला भाग ३८ बारांचा. पंधराव्या बारपर्यंत एक, मग आठ बारांची मधली वाट, मग पुन्हा पंधरा. परत येते तेव्हा चाल एक सप्तक खाली येते. पाठ करणाऱ्या मुलांचा हात सवयीने वर जातो आणि तिथेच अडतात. म्हणून चोविसाव्या बारपासून वेगळी सुरुवात करायची सवय लावा.

मंद्र_सप्तक
प्रील्यूडबद्दल: ३५ बार. तुमच्या कागदावर ३६ असतील तर जुन्या आवृत्तीत घुसवलेला एक बार त्यात आहे, बाविसाव्या आणि तेविसाव्याच्या मधे. तो बाखचा नाही, गाळा. शिकताना शेवटचे तीन बार सोडून प्रत्येक बारचे पाचही सूर आधी एकत्र कॉर्डसारखे दाबून वाजवा, ३२ कॉर्ड. हात कुठे सरकतो ते कळल्यावर मग सूर सुटे करा. जुन्या आवृत्त्यांत संपादकांनी बाखमध्ये हळू-जोर, लांबलचक लेगाटोच्या (सूर जोडून वाजवण्याच्या) कमानी घातलेल्या असतात. उर्टेक्स्ट (संपादकांची भर नसलेली मूळ संहिता) लिहिलेली आवृत्ती बघा.

निशिगंधा_पुणे
नोटेशन डाउनलोडबद्दल: भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. बार्टोक १९४५ ला गेला, म्हणजे मोकळा. बाकी वरचे सगळे त्याच्याही आधीचे. काबालेव्स्कीचे ओपस ३९ चे २४ मुलांचे पीसेस अप्रतिम आहेत आणि मिक्रोकॉसमॉस रुचलं नाही तर त्याजागी नेमके बसतील, पण तो १९८७ ला गेला. ते पुस्तक विकत घ्या.

भिंगरी
सातीचा जिम्नोपेदी आणि शोपॅनचं काही? ते पण 'सोपं' म्हणून फिरत असतं.

मंद्र_सप्तक
जिम्नोपेदी क्र. १ (१८८८) प्रील्यूडनंतर. सूर थोडे, पण डावा हात दर बारला खालच्या सुरावरून वरच्या कॉर्डवर झेपावतो आणि पेडल बारच्या पहिल्या मात्रेवर नेमकं बदलायचं. पेडल शिकवायला हाच पीस वापरा. शोपॅनच्या ओपस २८ मधला ए मेजर (क्र. ७) फक्त १६ बारांचा आहे, पण बाराव्या बारचा कॉर्ड लहान हातात मावत नाही. वीत वाढेपर्यंत थांबा, किंवा खालून वर सुटा वाजवा. ई मायनरचा (क्र. ४) डावा हात सोपा दिसतो. त्यात दर कॉर्डला एखादाच सूर अर्ध्याने सरकतो आणि वाचायलाच वेळ लागतो.

सोरेगावकर
शेवटचं: एका वेळी एकच पीस की दोन-तीन?

काळी_पाच
तीन. एक नवा, दोन-दोन बार घेऊन, पुढच्या बारच्या पहिल्या सुरापर्यंत वाजवायचं, बारच्या रेघेवर थांबायचं नाही. एक झालेला, फक्त वेग आणि आवाज घासायला. आणि एक दोन पायऱ्या खालचा, न थांबता, न दुरुस्त करता, कागद वाचत. हा तिसरा लोक टाळतात. पेटीवाल्या मुलांचा कान इतका तयार असतो की दुसऱ्यांदा वाजवताना ती कागद बघतच नाहीत, आणि क्लेमेन्टीपर्यंत पोचली तरी वाचन मिन्युएटवरच राहतं. म्हणून तिसरा पीस रोज नवा पाहिजे. मिक्रोकॉसमॉसचे पहिले दोन भाग, ६६ पीसेस, यालाच ठेवा.

बाळीवेस
रोज नवा? झेरॉक्सवाल्याची दिवाळी की बे.

लूममास्तर
ए-३ वर आडवी दोन पानं शेजारी घ्या. निम्मे कागद, आणि मधे पान उलटायला हात सोडावा लागत नाही.